घंटाघर स्टॉपवर घंटा नाही

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढे वाचू नका. हे माझ्या मोठ्या मामांच्या बाबतीत घडलंय, आणि मामा थापा मारणाऱ्यांतले नाहीत.

आमच्या शहरात तळ्याकाठी एक बसस्टॉप आहे. नाव घंटाघर. घंटा नाही, घर नाही, आहे ते गाड्यांचं पार्किंग. का म्हणून हे नाव, ते कंडक्टरलाही ठाऊक नाही.

पूर्वी तिथे मनोरा होता. धुकं पडलं की रखवालदार घंटा वाजवायचा आणि बोटी त्या आवाजाच्या रोखाने धक्क्याला लागायच्या. शेवटची बोट आली की तिने दोन लांब भोंगे द्यायचे. म्हणजे, सगळे आलो. मगच घंटा थांबायची.

मनोरा पाडला तेव्हा मामा शाळेत होते.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, नोव्हेंबरातली दुपार. मामा आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे धाकटे मामा, पलीकडून वाळू भरून निघाले. बोटी दोन, मामांची पुढे. नावाला तळं, पण पलीकडचा काठ दिसत नाही एवढं. मध्यावर आले आणि धुकं उतरलं.

समोरचं काही दिसेना. वायरलेसवर नुसती खरखर.

"मागेच राहा रे," मामांनी ओरडून सांगितलं.

"आहे ना दादा. तू नीट चालव म्हणजे झालं," धाकटे मामा हसले.

थोड्या वेळाने मागचं इंजिन ऐकू येईनासं झालं...

धाकट्याला पोहता येत नव्हतं. जन्म बोटीवर गेला पण पठ्ठ्या पोहायला शिकला नाही, यावरून घरात कायम थट्टा चालायची.

आणि मग...

टण्ण.

पुन्हा. टण्ण.

मामांना हायसं वाटलं. घंटा कुठली, कोण वाजवतंय, हे डोक्यातच आलं नाही. बुडत्याला काडीचा आधार. आवाज धरून ते अलगद धक्क्याला लागले.

धाकट्याच्या जागेवर एक बोट आधीच उभी होती. काळपट. दोर ताणलेला.

"पोचला वाटतं गाढव माझ्याआधी," मामा पुटपुटले. जीव भांड्यात पडला. वडिलांनी लावलेलं वळण, हात आपोआप भोंग्याकडे गेला.

दोन लांब भोंगे.

घंटा थांबली.

हाक मारत मामा त्या बोटीकडे गेले...

तिथे बोट नव्हती. दोरही नव्हता. नुसतं पाणी.

मनोरा कधीच पाडलाय, हे तेव्हा कुठे त्यांना आठवलं. तेवढ्यात लांबून, तळ्यातून...

एक आखूड भोंगा.

आखूड भोंगा म्हणजे विचारणा. धक्का कुठाय?

मामांनी भोंगा दाबून धरला. घसा बसेस्तोवर हाका मारल्या. पण धुक्यात भोंग्याची दिशा कळत नाही, म्हणून तर घंटा होती. आखूड भोंगा लांब लांब जात राहिला. घंटा काही पुन्हा वाजली नाही. तिच्या लेखी सगळे आले होते.

बोट सापडली नाही. धाकटे मामाही नाहीत.

तेव्हापासून धुकं पडलं की मामा पार्किंगमध्ये जातात आणि लोखंडी खांबावर पहारीने ठोकत बसतात. लोक म्हणतात, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. म्हणोत बापडे. तो आखूड भोंगा अजून येतो. मी माझ्या कानांनी ऐकलाय. दर हिवाळ्यात जरा जवळून.

गेल्या खेपेला मी मामांसोबत होतो, तेव्हा धाकट्या मामी तिथे आल्या. त्यांनी मामांचा हात धरला.

"दादा, नका ना ठोकू आता."

"अगं, तो विचारतोय."

"विचारतोय हो. पण इतक्या वर्षांनी धक्क्याला काय येऊन लागेल, याचा विचार केलाय?"

मामांनी पहार खाली टेकवली.

आणि भोंगा वाजला... अगदी धक्क्यापाशी.

मामींनी मामांचा हात सोडला.

मामा ठोकू लागले. मी तिथे थांबलो नाही. पुढे काय झालं, ते दोघांनाही अजून विचारलेलं नाही.