पिसं विंचरतानाचा आवाज

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अकरा पक्षी नव्या जंगलात सोडले. साडेसहापर्यंत त्यातले नऊ डोंगरापलीकडे उडून गेले होते.

पक्ष्यांची डॉक्टर तरातरा झाडाशी गेली. तिने फांदीवरचा स्पीकर बंद केला. स्पीकरवाला तिथेच उभा होता; आदल्या संध्याकाळीच जुन्या जंगलातून इथे आलेला ध्वनिमुद्रक.

"काय लावलं होतं तुम्ही?"

"त्यांचीच हाक. ओळखीचा आवाज ऐकला की थांबतात ना..."

"कधी रेकॉर्ड केलीत?"

"जुन्या जंगलात. तुमच्या लोकांनी जाळी लावली त्या दिवशी. इतका स्पष्ट आवाज—" बोलता बोलता तोच थांबला.

जाळीत अडकलेल्या पक्ष्यांचा तो आकांत होता.

"पक्ष्यांनी बरोबर ऐकलं," ती म्हणाली.

उडालेले नऊ पुन्हा दिसले नाहीत. जुनं जंगल धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं आणि इथे थांबलेल्या दोघांखेरीज तिथले सहाच पक्षी उरले होते. तेही गेले, तर ही जातच संपणार होती.

त्या सहांना धरायला दोघं जुन्या जंगलात गेले; या वेळी जाळी नव्हती. ती रोज उघड्या पिंजऱ्यात किडे ठेवायची, पक्ष्यांना सवय लागावी म्हणून. तो वर मचाणावर, रिमझिम पावसात माइक धरून बसायचा. चौथ्या दिवशी तिने त्याला चहा नेऊन दिला.

"राग गेला?" तो कुजबुजला.

"नाही. थर्मासमध्ये उरला होता."

"रोज उरू दे."

ती हसली... आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं. समोरच्या फांदीवर एक जोडी एकमेकांची पिसं विंचरत होती. घशातल्या घशात, अगदी हळू आवाज. त्याने हेडफोन तिच्या कानाला लावला.

"यात माझं हसू आलंय. कापा ते."

"पक्ष्यांसाठी कापतो. माझ्याकडे राहू दे."

खालून वनरक्षक मामा म्हणाले, "जोडी पक्ष्यांची जमवताय ना? नक्की?"

सोळाव्या दिवशी सहाही पक्षी नव्या जंगलात सोडले; स्पीकरवर या वेळी पिसं विंचरतानाचा आवाज होता. दोन उडाले. चार थांबले.

"माझी गाडी चारला आहे," तो म्हणाला.

"आणि स्पीकर? मला नाही चालवता येत."

"एकच बटण आहे. पहिल्या दिवशी तुम्हीच तर बंद केलात!"

"बंद करता येतो," ती पानांकडे बघत म्हणाली. "चालू करायला... तुम्ही लागाल."

चारची गाडी त्याच्याशिवाय गेली.

त्या गोष्टीला आज अकरा दिवस झाले. दुपारी एक वाजता एक मादी चोचीत काडी घेऊन जाताना दोघांनाही दिसली. घरटं अजून सापडलेलं नाही.