काका मैत्री झाले

"बघायचं तर बघा, पण आवाज पूर्ण बंद. बाबा रात्रपाळी करून झोपलेत."

आईचं हे बजावणं थोरलीला चाळीस वर्षांनीही जसंच्या तसं ऐकू यायचं. त्या सुट्टीत घरात एकच कॅसेट होती. लग्नघरात काका खुर्चीतच मरतात आणि लग्न लांबायला नको म्हणून घरचे त्यांना काळा चष्मा लावून जेवणाच्या टेबलाशी बसवतात, असा तो सिनेमा. दोघं भावंडं रोज दुपारी तो मुकाच बघायची आणि संवाद आपले आपण रचायची. म्हणजे थोरलीच कुजबुजायची, सगळ्यांचे. धाकटा सात वर्षांचा, कमी बोलणारा. तो कायम मेलेला काका. 'मयत' हा शब्द काही तिच्या जिभेवर बसत नसे. सिनेमातली काकू तिच्या तोंडून दर वेळी "काका मैत्री झाले हो!" म्हणून टाहो फोडायची आणि दोघं उशीत तोंड खुपसून हसायची.

आता धाकटा खरोखरच चाकांच्या खुर्चीत होता. अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले, तोंडातून शब्द नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "लहानपणीचं काही ऐकवून बघा. यापुढे मला आशा कमीच वाटते."

थोरलीने सिनेमा शोधून काढला. जेवणं झाल्यावर पडदे ओढले, त्याच्या पायांवर शाल घातली.

"आज आवाजासकट हं. इतक्या वर्षांनी कळू दे तरी, मेले काय बोलत होते ते!"

धाकटा हसला नाही.

लग्नघर आलं. काका खुर्चीत कलंडले. काकूने कपाळावर हात मारून घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"काका मैत्री झाले हो!"

थोरलीचा हात रिमोटवर तसाच राहिला.

मग नवरी बोलली, आचारी बोलला. एकूण एक वाक्य तिचंच. हसू आवरायला ती जिथे थांबायची, तिथे तेही थांबत होते.

ती बंद करणारच होती. पण धाकट्याचे डोळे पडद्यावर खिळले होते. आठ महिन्यांत प्रथमच त्यांत जीव होता. तिने रिमोट खाली ठेवला.

जेवणाचं टेबल आलं. काळ्या चष्म्यातल्या काकांना तिने कधी वाक्य दिलंच नव्हतं.

काकांचे ओठ हलले. आवाज सात वर्षांच्या मुलाचा होता.

"ताई, किती दिवस माझ्यावरच राज्य? पाय अवघडले गं."

तिने वळून पाहिलं. धाकट्याचं तोंड मिटलेलं होतं. गालावरून पाणी ओघळत होतं.

"मी घेते राज्य," ती हलकेच म्हणाली. "शप्पथ. पण आधी तू बोल."

टेबलाशी सगळे जेवायचे थांबले. इकडे बघू लागले.

"ताई," धाकटा म्हणाला.

जाड, घोगरा, त्याचा स्वतःचा आवाज. त्याने शाल बाजूला केली आणि उठून उभा राहिला.

पडद्यावर काकूने काळा चष्मा काढून घेतला होता. ती तो रुमालाने पुसत होती.

थोरलीने धाकट्याच्या गालावरून हात फिरवला. मग खुर्चीतली उशी सारखी केली, बसली, आणि शाल स्वतःच्या पायांवर ओढून घेतली.