तीन नंबरच्या खोलीतली हवा

कांदा साठवण केंद्रातली संशोधक दीक्षा सोनटक्के कांद्याच्या क्रेटवर डोकं टेकून बसली होती. मांडीवर वही, बोटांत पेन. ताईला डुलकी लागली असेल, असं मदतनीस भिमाबाईला वाटलं. तिनं खांद्याला हात लावला, तशी ताई कलंडली. भिमाबाईलाही भोवळ आली. ती उंबऱ्याबाहेर पडली, म्हणून वाचली.

खंडेनवमीचा दिवस होता. चाकण पट्ट्यात त्या दिवशी माणूस उपाशी राहिला तरी चालतं, यंत्राला झेंडू मिळाला पाहिजे. एका कारखान्यात म्हणे चहाचं मशीनसुद्धा पुजतात आणि मग पुजलेल्या मशीनला हात कसा लावायचा म्हणून सगळी शिफ्ट चहावाचून जांभया देते.

सहायक निरीक्षक तनुजा मुंगसे साडेअकराला पोचली. केंद्र एका कृषी विद्यापीठाचं. आसपासच्या गावांचा कांदा किती महिने टिकतो आणि खाणाऱ्याला बाधतो का, हे तिथं तपासायचे. तीन नंबरची खोली हवाबंद होती. भिंतीपलीकडे नायट्रोजनच्या टाक्या. त्यांचा व्हॉल्व्ह उघडला की खोलीतला ऑक्सिजन हटतो आणि कांद्याला कोंब येत नाहीत. त्या हवेला वास नाही, रंग नाही. आतल्या माणसाला आपण मरतोय हे कळतसुद्धा नाही.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता.

"काल संध्याकाळपासूनच उघडा असणार," केंद्रप्रमुख डॉ. ज्ञानेश कुलथे म्हणाले. "रात्रभर खोली भरली. सकाळी दीक्षा आत गेली आणि बसल्या जागी संपली. धोक्याचा इशारा देणारा मीटर महिनाभर दुरुस्तीला गेलाय. मी तीन पत्रं लिहिलीत."

"व्हॉल्व्ह बंद करणं कुणाचं काम?"

डॉक्टरांनी भिमाबाईकडे नुसतं पाहिलं.

भिमाबाई पायरीवर बसली होती. पन्नाशीची, कपाळ कोरं, नखांत हळद.

"मावशी, काल बंद केला होता?"

"केला व्हता. सकाळी झेंडू बांधताना बी बघितला. बंदच व्हता."

"कुणी पाहिलं तुम्हाला?"

"झेंडू बांधताना कोन बगतंय, मॅडम? आता मला आत टाकनार का? घरात सासू हाय, आंधळी. तिला भरवायला दुसरं कोन न्हाई."

तनुजा वळली. मागच्या अंगणात फिरून आली. वजनकाटा, ट्रॉली, पाण्याची मोटर, खोलीचं दार, सगळ्यांवर हळदीची बोटं आणि एकेक झेंडू. व्हॉल्व्हच्या चाकावर हळद, कुंकू आणि झेंडू. तिथं ती जरा जास्त वेळ थांबली.

फाटकाजवळच्या बाकावर प्रीतम बसला होता. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून फवारायची पावडर विकणाऱ्या कंपनीचा माणूस. मांडीवर पेढ्यांचा खोका.

"कधी आलात?"

"दहाला. सरांची केबिन ठोठावली, तर कुलूप. फोनही उचलेनात. पावणेअकराला मागून आले, हात धुऊन. तोवर मी इथंच. वॉचमन रंगरावांना विचारा, दोन पेढे तेच खाऊन बसलेत."

"दीक्षा मॅडमशी तुमचं पटायचं?"

प्रीतम घुटमळला. "उद्या दसऱ्याला शेतकऱ्यांचा मेळावा आहे ना. त्या काहीतरी बोलणार होत्या. आमच्या पावडरीवर. पण पावडर आमची नुसती विकायला. शोध सरांचा."

तनुजानं दीक्षाची वही उघडली. पावडर मारलेला कांदा बाहेरून लालबुंद, चौथ्या महिन्यात आतून काळा. चाचणीसाठी तो पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत बारा घरांना दिला होता. नऊ घरांत पोरांची पोटं बिघडली. शेवटच्या पानावर एकच ओळ: 'सर म्हणतात, एक हंगाम थांब.'

ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली.

"सकाळी कुठं होतात?"

"साडेनऊला दीक्षा खोलीत गेली. मी केबिनमध्ये पूजा केली, मग तिथंच कागद वाचत बसलो. भिमाबाईनं आरडाओरडा केला तेव्हा बाहेर आलो."

"पूजेचं ताट कुठंय?"

"केबिनमध्ये. किल्ली एकच, माझ्याकडे."

"आणि बाहेरच्या यंत्रांची पूजा?"

"सगळी भिमाबाईनं केली. दरवर्षी तीच करते."

तनुजानं तिघांना व्हॉल्व्हपाशी उभं केलं.

"मावशी, हे कुंकू तुम्ही लावलंत?"

भिमाबाई दचकून मागं सरली. "न्हाई वो. मालक गेल्यापास्नं कुंकवाला हात लावला न्हाई मी. आमच्यात चालत न्हाई. म्या हळद आन फूल, येवढंच."

"ते चूक की बरोबर, ते राहू द्या," तनुजा म्हणाली. "पण बाकी एकाही यंत्रावर कुंकू नाही. फक्त इथं आहे. म्हणजे मावशींनंतर कुणीतरी या चाकाची दुसऱ्यांदा पूजा केली. कशासाठी? चाक फिरवताना झेंडू तुटला, हळद पुसली. तसंच सोडलं असतं तर पूजेनंतर व्हॉल्व्ह उघडला हे पोरानंही ओळखलं असतं. मग 'काल संध्याकाळपासून' ही गोष्ट टिकली नसती. म्हणून नवं फूल, नवी हळद. आणि ताटात होतं म्हणून, हाताच्या सवयीनं, कुंकू. हळदीमागोमाग कुंकू न लावणारा हात या पट्ट्यात फक्त विधवेचा. ते तुमच्या लक्षात आलं नाही, डॉक्टर. इतकी वर्षं मावशी तुमच्या समोर वावरल्या, त्यांचं कपाळ तुम्ही कधी पाहिलंच नाहीत."

"ताट प्रीतमनंही..."

"कुलूपबंद केबिनमधून? आत बसलो होतो म्हणालात. दहा ते पावणेअकरा तुम्ही आत नव्हता. भिंतीपलीकडे ती पोरगी सडके कांदे मोजत होती आणि तुम्ही इथं फूल बांधत होता."

डॉक्टर चाकाकडेच पाहत राहिले. म्हणाले, "बारा वर्षं लागली त्या पावडरीला. एक हंगाम थांब म्हणालो होतो तिला. एकच."

तनुजानं हवालदाराला खूण केली.

दसऱ्याला मेळावा ठरल्याप्रमाणे भरला. रद्द झाल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. चारशे शेतकरी, मांडवात पावडरीच्या पिशव्या, टेबलावर चार महिने टिकवलेले नमुन्याचे लालबुंद कांदे. दीक्षाची वही पुराव्यात जमा, ती वाचायला मिळणार नव्हती. माईकपाशी कुणी जाईना.

भिमाबाई उठली. माईक तिच्या उंचीला आला नाही, तिनं तो तसाच सोडला. टेबलावरचा कांदा उचलला, घरून आणलेल्या विळीवर धरला आणि दोन फाका केल्या. काळं पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं.

"असले रोज मोजायचो आमी, ताई आन मी," ती म्हणाली. "ताईनं सांगायचं व्हतं. ती न्हाई, म्हनून मी सांगते. ह्यो नातवंडांच्या ताटात वाढू नका."

कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेत गोजाबाई नावाच्या शेतकरणीनं मांडीवरची पावडरीची पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि पायानं पुढं ढकलली. मग तिच्या शेजारच्यानं ठेवली. मग मागच्या रांगांतून पिशव्या टेकवल्याचे आवाज येत राहिले.