वाकडी करंगळी

बालवाडीच्या बाई आल्या तेव्हा सकाळचं चांगलं ऊन पडलं होतं आणि त्यांना टाळीची चाळीस खेळणी हवी होती. घाबरण्यासारखं त्यात काय असणार? म्हणून तर सांगते, नीट ऐका.

दांडी हलवली की दोन लाकडी पंजे एकमेकांवर आपटतात आणि टाळी वाजते, असं ते खेळणं. तीस वर्षं करतेय. राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कापायचं मशीन, चालवायला मला कुणी शिकवलं नाही. सुतार हसायचे, म्हणायचे, ताई, बोटं जपा. त्यांच्यातल्या दोघांची गेली. माझी दहाच्या दहा आहेत.

साच्याचं काम साधं. प्लायवूडचा साचा फळीवर घट्ट बसवायचा. राउटरच्या पात्यावर एक छोटं बेअरिंग असतं, ते साच्याच्या कडेवरून फिरतं, आणि पातं खालची फळी तंतोतंत तशीच कापतं. स्वतःची अक्कल चालवत नाही. साच्यात खोट असली तर ती प्रत्येक खेळण्यात उतरते.

माझ्या साच्यात होती.

"आजी, या वेळी करंगळी तेवढी सरळ करा," बाई म्हणाल्या. "पोरं विचारतात, हा हात मोडलाय का."

"तीस वर्षांत कुणी नाही विचारलं."

"तीस वर्षांपूर्वीची पोरं गप्प बसायची हो. आताची डोकं खातात."

बाई हसत गेल्या. मला मात्र लागलं. माझ्या कामाला वाकडं म्हणणारं कुणी अजून जन्मायचं होतं.

तो साचा माझ्या लेकीच्या पंज्याचा. सहा वर्षांची होती. प्लायवूडवर तिचा हात ठेवून पेन्सिल फिरवत होते. बोटांच्या बेचक्यांत पेन्सिल गेली की तिला गुदगुल्या व्हायच्या. "हलू नकोस," म्हटलं. हसली, हात हलला, करंगळी वाकडी आली. मी थोबाडीत दिली. रडली नाही. हात परत होता तिथे ठेवला आणि दगडासारखी बसून राहिली. त्याच आठवड्यात तापाने गेली. तिचा दुसरा काही ठसा माझ्यापाशी नाही. फोटोसुद्धा नाही. होती ती करंगळी.

आणि ती मी सरळ केली. आतल्या बाजूने भुसा सरसात कालवून भरला, बाहेरची कड घासून काढली. चांगलं काम झालं म्हणून स्वतःवर खूशही झाले.

दुपारी फळी लावली. भुसा उडू नये म्हणून खिडक्या बंद होत्या. पहिला पंजा कापला, उचलला. करंगळी वाकडी.

बेअरिंग तपासलं. साच्यावरून बोट फिरवलं, कड सरळ. दुसरा कापला. वाकडी, पहिल्याहून जास्त. जळक्या लाकडाच्या वासात आणखी एक वास होता... तापाने फणफणलेल्या अंगाचा. तीस वर्षांनी आला तरी आईला ओळखू येतो.

तिसऱ्या वेळी फळी थरथरायला लागली. आवळून बसवलेली फळी, हो. जिथे जिथे पातं बोटांच्या बेचक्यात शिरायचं, तिथे तिथे ती अंग चोरायची... आणि मशीनच्या घरघरीखाली कुणीतरी हसू दाबत होतं.

मला कळलं होतं. देवाशप्पथ कळलं होतं. मशीन बंद करून तो पंजा गालाला लावायचा होता. पण जिभेला वळण पडलेलं. मी खेकसले, "हलू नकोस."

हसणं थांबलं.

मशीन बंद केलं. पातं फिरत फिरत थांबलं. त्या शांततेत सण्णकन माझ्या गालावर बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली. सावरून बघते तर टेबलावर तीन पंजे, तिन्ही करंगळ्या सरळ. शहाण्यासारख्या.

त्या दिवसापासून सगळे पंजे सरळच येतात. भरलेला भुसा मी नखांनी उकरून काढला. पण भरलेलं उकरता येतं, घासलेलं परत येत नाही.

चार दिवसांनी बाई खेळणी न्यायला आल्या. माझ्याकडे बघून दारातच थबकल्या.

"आजी... कुणी मारलं तुम्हाला?"

"लेकीने."

"तुम्हाला मुलगी आहे? कधी बोलला नाहीत."

"सहा वर्षांची आहे."

बाई जवळ आल्या. गालावर पाच बोटं उठली होती, करंगळी वाकडी. त्यांनी आपला हात माझ्या गालाशी आणला, मापाला धरल्यासारखा, आणि झटकन मागे घेतला.

"नाही हो आजी," त्या हळूच म्हणाल्या. "हा हात माझ्याएवढा आहे."

म्हणजे तीस वर्षं ती कुठेतरी वाढत होती. माझ्याविना.

रोज दुपारी खिडक्या लावते, फळी बसवते, मशीनपुढे गाल करून म्हणते, हल गं, हल. फळी हलत नाही. वळ मात्र अजून गेलेला नाही. हात लावून बघा... गरम आहे ना?