नाथसागरावरच्या दोन रेघा

नवराबायकोची भांडणं बहुतेक घरांत मिठावरून होतात, नाहीतर सासरच्या माणसांवरून. निकिता आणि ओंकारची व्हायची ती वेगावरून.

सोनईत ओंकारचं ठिबक सिंचनाचं दुकान होतं. निकिता एका खासगी मोजणीदाराकडे जीपीएसवर जमिनी मोजायची. लग्नानंतर दोघं गोव्याला गेले आणि तिथून काईटसर्फिंगचं खूळ घेऊन आले. डोक्यावर हेल्मेट, पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग. वारा पतंगाला ओढणार, पतंग माणसाला. उन्हाळ्यात वारं सुटलं की रविवारी दुकानाला कुलूप, सामान गाडीत, आणि स्वारी शेवगावच्या अंगाला नाथसागराच्या काठी. तिथं नव्या गावात निकिताची चांगुणाआत्या राहायची. निकिताचे आईवडील आता नव्हते, त्यामुळे माहेर म्हणजे आत्याच. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा आत्या परकरात होती.

दोघांच्या मनगटावर सारखी घड्याळं होती. पाण्यावरचा प्रत्येक फेरा, प्रत्येक वळण घड्याळ टिपून ठेवायचं. मग आत्याच्या ओट्यावर चहा पिता पिता मोबाईलवर दोघांच्या रेघा एकमेकींवर ठेवून बघायच्या. तिची लाल, त्याची निळी. ज्याचा वेग कमी भरेल त्यानं पतंग धुऊन वाळवायचे, असा करार होता. ते काम बहुतेक ओंकारच्याच गळ्यात पडायचं, आणि धुताना तो वाऱ्याला, घड्याळाला आणि बायकोच्या किरकोळ अंगकाठीला यथेच्छ नावं ठेवायचा. निकिताला त्याचा तो कांगावा फार आवडायचा. तिनं तसं त्याला कधी सांगितलं नाही, कारण मग तो मुद्दाम करायला लागला असता.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना म्हटल्यावर लेक-जावयाला जेवू घालायचं, वाण द्यायचं. आत्यानं महिना लागायच्या आधीच आवतण दिलं होतं. पण पुरणाचे धोंडे चापून पाण्यावर उतरता येत नाही, आणि असलं वारं सोडून पाटावर बसायचं ओंकारच्या जिवावर आलेलं. "पुढच्या रविवारी नक्की, आत्या," एवढं म्हणून तो पतंगात हवा भरायचा पंप काढायला पळायचा.

पहिल्या रविवारी निळ्या रेघेला मध्येच एक गाठ दिसली. धरणाच्या ऐन मध्यावर वेग एकदम उतरला होता, माणसाच्या चालण्याइतका.

"चालत होतास की काय पाण्यावर?" निकितानं विचारलं.

"तुझ्या घड्याळाच्या कंपनीला विचार," ओंकार म्हणाला आणि पतंग धुवायला गेला.

जीपीएस चुकतो, हे निकिताला कुणी शिकवायला नको होतं. पण चुकलेले ठिपके सांडलेल्या ज्वारीसारखे विखुरतात. हे ठिपके सरळ जात होते. काटकोनात वळत होते. एका जागी त्यांनी कशाला तरी गोल वळसा घातला होता, उजवी घालून. आणि एका ठिकाणी ते थांबले होते.

दुसऱ्या रविवारी ती मुद्दाम काठावरच बसली. ओंकारचा नारिंगी पतंग तिनं नजरेआड होऊ दिला नाही. तो एकदाही थांबला नाही, पडला नाही. बाहेर आल्यावर रेघ पाहिली तर तोच रस्ता, तीच वळणं, आणि थांबणं आधीपेक्षा लांबलेलं. तिनं घड्याळाच्या नोंदी उघडून उंचीचा आकडा काढला. त्या जागेपुरतं घड्याळ पाण्याच्या पातळीच्या बरंच खाली होतं. पाण्याखाली घड्याळाला आभाळातले उपग्रह दिसत नाहीत, ते मुकं होतं. हे मात्र व्यवस्थित बोलत राहिलं होतं.

आत्यानं पिठलं-भाकरी वाढली. एरवी पाण्यातून आल्यावर चार भाकऱ्यांना न लाजणारा ओंकार ताटावरून उठला. "भूकच नाही गं," तो म्हणाला, आणि त्यानं समाधानानं ढेकर दिली.

तिसऱ्या रविवारी थांबणं आणखी वाढलं. निकितानं मोबाईल आत्यापुढे धरला. नकाशावर नुसतं निळं पाणी होतं आणि त्यावर ती रेघ. आत्यानं चष्मा पुसला, रेघेवर बोट ठेवलं आणि बोटानंच चालायला लागली.

"ही गावाची येस. हितून आत गेलं की मारुतीचा पार. बग, पाराला उजवी घातलीय. ही सुताराची आळी." बोट थांबलं. "हे तर आपलं जुनं घर हाय, निकू. जावईबापू आपल्या घरात काय करत्यात?"

ओंकार हसला. "आत्या, मी तर सरळ गेलो आणि सरळ आलो."

"तुमी माझं आवतण टाळलं, बापू. आपल्यात जावयाला जेवल्याबिगर सोडत न्हाईत. म्या न्हाई जेवू घातलं, म्हनून त्या घरानं बोलावलं."

निकिताचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण प्रत्येक रविवारी ते थांबणं वाढत होतं, हे तर आकड्यांतच होतं. असंच वाढत गेलं तर एखाद्या रविवारी रेघ आत जाईल आणि बाहेर येणार नाही, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. तिला ओंकार हवा होता. हरलेला, कुरकुरणारा, पतंग धुणारा ओंकार, आहे तसा. भीतीनं तिचा आवाज चढला. "उद्या दुकान बंद. तू इथं जेवणार आहेस. पोटभर."

सोमवारी आत्यानं पाट मांडला, रांगोळी काढली, दोघांना ओवाळलं. ओंकारनं धोंडे खाल्ले, वरून तूप मागून घेतलं, अनारशांचं वाण घेतलं आणि आत्याच्या पाया पडला. आत्याचे डोळे भरून आले. "झालं," ती म्हणाली. "आता तिकडचं बोलावनं मिटलं."

पुढच्या रविवारी वारं झकास होतं. ओंकारला एकट्याला पाठवायची निकिताची छाती होईना. ती त्याच्याबरोबर उतरली आणि सगळा वेळ त्याच्या शेजारून गेली. त्याचा नारिंगी पतंग, तिचा पिवळा. तो मध्येच ओरडून तिला चिडवत होता, ती उलट ओरडत होती. एका वळणावर ती सपशेल आपटली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि तो हसून हसून स्वतःच पडायला आला.

बाहेर आल्यावर ओल्या बोटांनी तिनं आधी त्याची रेघ उघडली. निळी रेघ इकडून तिकडे, तिकडून इकडे. गाठ नाही, काटकोन नाही.

निकिताला रडूच फुटलं. काठावर येऊन बसलेल्या आत्यासमोरच तिनं ओंकारला मिठी मारली. आत्यानं तोंड फिरवून पदरात हसून घेतलं.

"पुरे झालं," ओंकार म्हणाला. "तुझी रेघ टाक वर. आज पतंग तू धुणार आहेस, लिहून देतो."

तिनं लाल रेघ वर ठेवली.

ती थेट वेशीतून आत गेली होती.

पाराला उजवी, मग सुताराची आळी. कुठं अडखळणं नाही. अंधारातही वाट सापडावी अशा सवयीनं गेली होती, आणि घरात शिरून थांबली होती. ओंकारच्या सगळ्या रविवारांची बेरीज केली तरी कमी पडेल इतका वेळ.

"तू तर माझ्या शेजारी होतीस," ओंकार म्हणाला. "सगळा वेळ."

"हो," निकिता म्हणाली.

आत्या पुढं झाली. "जावयाला जेवून जाऊ देत्यात," ती हळू म्हणाली. "लेकीला..."

निकितानं खाली बसून पट्टा सोडला आणि हेल्मेट काढलं. सकाळी तिनं घाईत अंबाडा बांधून केस आत कोंबले होते. हेल्मेटमधून पाणी निथळलं. केस मात्र कोरडे होते. मधोमध भांग पाडलेला, खोबरेल तेल लावून केस चापून बसवलेले, आणि पाठीवर घट्ट वेणी उतरलेली.

आत्यानं वेणी उचलली. पेड चाचपत खाली आली आणि टोकाशी थांबली.

वेणी पुरी झाली नव्हती. शेवटचे वीतभर केस मोकळेच होते, मध्येच उठून यावं लागल्यासारखे.

"निकिता," ओंकार म्हणाला, "घरी चल. आत्ताच्या आत्ता."

ती मान न हलवता बसली होती, लहान मुली वेणी घालून घेताना बसतात तशी. डोळे पाण्याकडे होते.

"उद्या वारं आहे का रे?" तिनं विचारलं.