कंदिलाला जवाब

आकाशातलं सगळं आपल्याला ओळखता येतं, असा आंजी गावच्या रूपरावांचा समज होता. स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून अख्खं गाव माना वर करून बसलं, त्या साली त्यांना हा नाद लागला. लुकलुकत जातं ते नागपूरचं विमान, न लुकलुकता सरळ जातो तो उपग्रह, सर्रकन विझतो तो तुटता तारा. चौथं काही नसतं, असं ते पारावर ठासून सांगत. ऐकणारेही मान डोलवत. खरंखोटं करायला वर जाणार कोण?

त्या हिवाळ्यात ज्वारी हुरड्यावर आली, तसे रूपराव आणि त्यांचा धाकटा भाऊ डोमाजी जेवणं आटोपून जागलीला जाऊ लागले. रानडुकरांचा उपद्रव फार. नाल्याच्या दोन बाजूंना दोघांची वावरं, समोरासमोर दोघांची मचाणं. वावरांच्या पुढे बरड, नुसता खडकाळ ओसाड माळ. जागलीची जुनी रीत होती. अधूनमधून कंदील उंच धरून हलवायचा, समोरच्यानं तसाच जवाब द्यायचा. जवाब आला नाही, तर थंडीबिंडी न बघता खाली उतरायचं आणि त्याला पाहायला जायचं. साप आहे, डुक्कर आहे, रानातल्या माणसाचा काय भरवसा? डोमाजीचा उजवा खांदा बैलगाडीखाली सापडून निकामी झाला होता. तो डाव्या हातानं, पाळणा हलवावा तसा सावकाश कंदील हलवायचा. दुसऱ्या कुणाला ते जमत नसे.

एका रात्री रूपरावांनी कंदील उचललाच नव्हता, तरी डोमाजीचा कंदील वर गेला. सकाळी त्यांनी विचारलं.

"राती कोनाले जवाब देऊन राह्यलता बे?"

"बरडाकडून कोनीतरी कंदील हालवला ना, दादा. मंग मी बी हालवला."

"थ्या बरडावर कुत्रं नाई जात. उपग्रह असन."

"उपग्रह असा हालते का, दादा?"

रूपराव हसले. पण त्या रात्री त्यांनी स्वतःच पाहिलं. बरडाच्या खूप वर, चांदण्यांच्या गर्दीत एक पिवळसर उजेड होता. तो लुकलुकत नव्हता, सरळ जात नव्हता, विझतही नव्हता. सावकाश वर-खाली होत होता. समोरच्या मचाणावरून डोमाजी जवाब देत होता आणि दर जवाबाला तो उजेड थोडा खाली येत होता. रॉकेलचा वास साऱ्या शिवारात भरला होता.

रूपराव धोतर सावरत नाला ओलांडून धावले. "ठेव खाली थो कंदील!"

"मी नाई करून राह्यलो, दादा..." डोमाजीच्या डोळ्यांत पाणी होतं. "हात आपोआप उठते..."

दुसऱ्या दिवशी डोमाजीला घरी थांबवलं, तर दिवेलागणीलाच तो अंगणात उभा राहून रिकामा हात हलवू लागला. मग रूपरावांनी त्याला सोबत नेऊन आपल्याच मचाणावर बसवलं, कंदील विझवला आणि त्याचं डावं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. या भावाला त्यांनी लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. त्याला ते हातून जाऊ देणार नव्हते.

बरडावर उजेड आला. हलला. डोमाजीचा हात वर जाऊ लागला, पण रूपरावांनी सोडला नाही.

तेवढ्यात नाल्यापलीकडे, डोमाजीच्या रिकाम्या मचाणावर एक कंदील पेटला. वर गेला आणि पाळण्यासारखा सावकाश हलला.

"दादा... थो कोन होय?"

रूपरावांनी मनगट आणखी आवळलं.

"मीच होय ना थो..." डोमाजी पुटपुटला.

पलीकडचा कंदील मचाणावरून सुटला आणि वर चढत चढत बरडावरच्या उजेडाला जाऊन मिळाला. रूपराव बघत राहिले. हातातलं मनगट कधी गार पडलं, ते त्यांना कळलंच नाही. गाव म्हणालं, साप चावला असेल. अंगावर दंश कुठेच नव्हता.

तेरवी झाली. पाहुणे गेले. घरात रूपराव आणि त्यांची म्हातारी आई, मनकर्णाबाई, एवढीच माणसं उरली. संध्याकाळी दार लावायला गेलेल्या रूपरावांची नजर वर गेली. बरडावर उजेड हलत होता. डाव्या हाताचा, सावकाश. तो ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

त्यांनी घाईनं कडी घातली. मागे वळून पाहतात तो आई कंदील घेऊन उभी.

"माय, ठेव थो खाली. तुह्या पाया पडतो..."

"माहा डोम्या हाय थो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "जवाब दिऊ दे मले."

रूपरावांनी कंदील हिसकावला आणि फुंकून विझवला. अंधारात माय-लेक एकमेकांना धरून बसले. म्हातारी हुंदके देत होती. मग हुंदके थांबले.

"काऊन विझवला रे रूप्या?" ती हळूच म्हणाली. "जवाब नाई भेटला, आता थो पाहाले येइन ना..."

रॉकेलचा वास आला. दाराखालच्या फटीतून पिवळा उजेड आत शिरला आणि जमिनीवर सावकाश हलू लागला.