शेवटची ओळ, डावीकडून तिसरी

वजनं आणि मापं प्रमाणित करणाऱ्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं काम करते आहे. एक किलोचं वजन खरोखर एक किलो भरतं की नाही, हे तपासून त्याखाली सही करणं हा माझा व्यवसाय. सही करताना मी अंदाज बांधत नाही. इथेही बांधलेला नाही.

जे कानांनी ऐकलं, ते त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं होतं.

जे समजलं नाही, ते समजलं नाही असंच लिहिते आहे.

सुरुवात नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी सव्वाचारला झाली. आमच्या शहरातल्या जुन्या नाट्यगृहाच्या सज्जात मी आणि माझी ताई बसलो होतो. खाली बॅले चालू होता.

ताई बत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. मग तिच्या दृष्टिपटलाचा मधला भाग निकामी झाला. समोर पाहिलं की राखाडी डाग. कडेने मात्र थोडंफार दिसतं. वाचन संपलं. त्याच वर्षी भाऊजी गेले. ताईचं जेवण निम्म्यावर आलं आणि बाहेर पडणं बंद झालं. कामावरून सुटले की मी रोज तिच्याकडे जायचे. वर्तमानपत्र, टपाल, औषधांवरच्या सूचना वाचून दाखवायचे.

"माझे डोळे साडेसहाला येतात आणि आठला जातात," असं ती शेजारणीला सांगायची. हसत सांगायची.

नाट्यगृहात मी तिला जवळजवळ ओढूनच नेलं होतं. नर्तकी दिसाव्यात म्हणून ती मान वळवून छताच्या दिव्याकडे बघत बसली. मागच्या गृहस्थांना वाटलं असेल, बाई कंटाळल्या.

दुसऱ्या अंकात पांढऱ्या पोशाखातल्या नर्तकी आल्या. चार ओळी, प्रत्येकीत सहा जागा.

"ए मोजपट्टी," ताई माझ्या कानाशी पुटपुटली. लहानपणापासून ती मला याच नावाने हाक मारते. "शेवटच्या ओळीत डावीकडून तिसरी बघ. बाकीच्या नाचतायत. तिला थांबता येतं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुला नाही कळायचं."

मी पाहिलं नाही. माझं लक्ष मुख्य नर्तकीकडे होतं. ती माझी पहिली चूक.

नाट्यगृहाच्या दाराशी नर्तकींना लिहिलेली पत्रं टाकायची एक लाकडी पेटी आहे. दुसऱ्या दिवशी ताईने मला कागद घ्यायला लावला.

"'आदरणीय'... नको, खोड. 'प्रिय' लिही. स्वल्पविराम."

"पाकिटावर काय लिहू? नाव कुठे माहीत आहे आपल्याला?"

"शेवटची ओळ, डावीकडून तिसरी. पुरे तेवढं. प्रत्येकीला आपली जागा माहीत असते."

पत्र छोटं होतं. "संगीत संपलं तरी तुमचा हात खाली येत राहतो. मला हल्ली फारसं काही दिसत नाही. तुम्ही दिसता."

नवव्या दिवशी उत्तर आलं.

ताईच्या टपालपेटीत, बिनतिकिटाचं पाकीट. आत पेन्सिलीने लिहिलेल्या सहा ओळी. "तुम्ही मला पाहिलंत. फार दिवसांनी कुणीतरी पाहिलं." खाली नाव नव्हतं. फक्त... "शेवटची ओळ, डावीकडून तिसरी."

पाकिटामागचा पत्ता पाहून नाट्यगृहाच्या शिपायाने आणून टाकलं असेल, असं मी धरून चालले. ताईने ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

जानेवारीच्या मध्यापर्यंत पाच पत्रं गेली आणि पाच उत्तरं आली. उत्तरांत भावनांचा उमाळा नव्हता. म्हणूनच मला ती आवडू लागली होती. "माझ्या डावीकडची मोजताना ओठ हलवते. उजवीकडची वळण्याआधी श्वास रोखते. रंगमंचाच्या फळ्या गार असतात."

एक वाक्य मात्र वहीत मी दोनदा अधोरेखित केलेलं आहे.

"त्यांना घाम येतो... मी त्याच्या उबेला उभी राहते."

ताईचा वाढदिवस जवळ आला होता. दोघींची भेट घडवून आणावी, म्हणून एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी नाट्यगृहात गेले. तिथे नर्तकींच्या तालमी घेणाऱ्या बाई भेटल्या. साठीच्या, ताठ कण्याच्या.

"शेवटच्या ओळीत, डावीकडून तिसरी?" त्यांनी हातातली पेन्सिल अंबाड्यात खोचली. "अहो, ती जागा रिकामी आहे."

"रजेवर आहेत का त्या?"

"दोन वर्षं झाली. मुलगी गेली, तिच्या जागी दुसरी मिळाली नाही. ओळ पाचात बसवून पाहिली, तर दोन दिवसांत तिघी एकमेकींच्या पायात अडकून पडल्या. अंतर अंगात मुरलेलं असतं हो, सांगून ऐकत नाही. शेवटी म्हटलं, राहू दे मोकळं. चोवीसच्या जागी तेवीस. सज्जातून कोण मोजायला बसलंय?"

"गेली, म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पुन्हा विचारलं नाही.

"आता मिळालीय नवी मुलगी," त्या म्हणाल्या. "महिनाअखेरच्या रविवारी उभी करणार."

ताईला मी काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तिच्याबरोबर दुर्बीण घेऊन गेले.

सहा. सहा. सहा.

पाच.

दुसरी आणि चौथी यांच्यामध्ये मोकळी जागा होती. ओळ सरकली की जागाही सरकत होती.

"बघ, आज तिचा डावा हात जरा खाली आहे," ताई म्हणाली. "थकलीय बिचारी."

मी दुर्बीण त्या जागेवर स्थिर धरली. ओळ वळली. आणि चौथ्या नर्तकीच्या झग्याची कड... आत दबली.

अगदी जवळून कुणी गेलं की दबते, तशी. जवळून कुणी गेलं नव्हतं.

दृष्टी गेलेल्या माणसाचा मेंदू रिकाम्या जागी चित्रं भरतो. वैद्यकात त्याची रीतसर नोंद आहे. ताईला जे दिसत होतं, त्याला ते स्पष्टीकरण पुरेसं होतं. पत्रांना पुरत नव्हतं. तेव्हा दुसरं गृहीतक: ओळीतलीच कुणी मुलगी थट्टा करते आहे. ते तपासणं सोपं होतं.

सहावं पत्र मी पेटीत टाकलंच नाही.

पाकीट चिकटवून ते प्रयोगशाळेच्या पोलादी कपाटात, प्रमाणित वजनांच्या खणात ठेवलं. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात. पत्रात ताईने विचारलं होतं, "तुम्हाला थंडी वाजते का?"

आठव्या दिवशी टपालपेटीत पाकीट होतं.

पहिली ओळ... "थंडी वाजत नाही. पण विचारलंत, बरं वाटलं."

मी परत प्रयोगशाळेत गेले. कपाट उघडलं. आमचं पत्र जागेवर होतं. चिकटवलेली कड जशीच्या तशी.

उत्तराचा उरलेला भाग ताईला वाचून दाखवायचा होता. "येत्या रविवारी माझ्या जागी नवी मुलगी उभी राहील. मग मला तिथे थांबता येणार नाही." इथे मी थांबले.

"पुढे?" ताई म्हणाली.

"संपलं."

"संपलं नाही. तुझा आवाज खाली आला नाही अजून. वाच."

मी वाचलं. "तुमच्याजवळ जागा आहे का?"

ताईचा चेहरा उजळला. मला ते पाहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. तालमीच्या बाई, दोन वर्षं, तेवीस.

"मला माहीत आहे," ताई म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. चौथी वळताना तिला वाट देते. रिकाम्या जागेला कुणी वाट देतं का गं, शहाणे?"

"ताई, मग तू कुणाला घरात बोलावते आहेस, कळतंय का तुला?"

"घर कुणाचं आहे?"

"तुझं."

"मग लिही. 'हो. जागा आहे. या.' लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाचून दाखव."

मी वाचलं, "हो. जागा आहे. या."

कागदावर मी लिहिलं होतं, "जागा नाही. येऊ नका."

बत्तीस वर्षं तिने इतरांच्या चुका पकडल्या. ही तिला पकडता येणार नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी ती केली.

ते पत्र मी कपाटात ठेवलं. पेटीत टाकण्याची गरज नसते, एवढं प्रयोगातून सिद्ध झालं होतं. बसथांब्यावर उभी असताना त्या प्रयोगातला दोष लक्षात आला.

सहाव्या पत्रात ताईचं बोलणं आणि माझं लिहिणं एकच होतं. त्यातलं त्या तिसरीपर्यंत काय पोचलं, बोललेलं की लिहिलेलं, ते मी वेगळं काढलंच नव्हतं.

रविवारी नवी मुलगी उभी राहिली. चोवीस भरल्या. ताई बराच वेळ दिव्याकडे बघत होती. मग तिने मान सरळ केली, म्हणजे तिला काहीच दिसणार नव्हतं.

"चल घरी," ती म्हणाली.

त्यानंतर पत्र आलं नाही. रोज साडेसहाला ताई विचारायची, "टपाल?" मी म्हणायचे, "नाही." तिने ताट पुन्हा निम्म्यावर सारायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत तिचं वजन एक किलो सहाशे ग्रॅमने उतरलं. मी सही करून सांगू शकते.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, कामासाठी मी पोलादी कपाट उघडलं.

माझ्या पत्राशेजारी... दुसरं पाकीट होतं.

त्यावर लिहिलं होतं, "लिहिणाऱ्या बाईंना."

आत पेन्सिलीने: "ताई म्हणाल्या, या. तुम्ही लिहिलंत, येऊ नका. दोन्ही पोचलं. मी जिन्यात उभी आहे. कोणतं धरू?"

त्या संध्याकाळी ताईच्या घराचा जिना चढायला मला नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. दिसलं काही नाही. पण चढता चढता एक गोष्ट ध्यानात आली. जिना रुंद आहे, दोघी सहज जाऊ शकतील असा. मी मात्र भिंतीला अंग घासत चढत होते.

गेले तीन आठवडे मी अशीच चढत होते. रोज.

कुणाला तरी वाट देत.

मी ताईसमोर बसले आणि ते पत्र पूर्ण वाचलं. एकही शब्द गाळला नाही.

तिने पत्र हातात घेऊन त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तू माझ्या मजकुरात फेरफार केलास."

"हो."

"बत्तीस वर्षांत मी कुणाच्या मजकुरात माझ्या मनाचं एक अक्षर घातलं नाही गं."

"ताई, मला भीती वाटते."

"मला काय, वाटत नाही? पण आठला तू गेलीस की जे सुरू होतं ना, त्याची जास्त वाटते. तुला ते ठाऊक नाही. तू घरी गेलेली असतेस." तिने हात पुढे केला. "ते पत्र आणलंयस?"

आणलं होतं.

"खोड. आणि मी सांगितलं होतं ते लिही."

मी खोडलं. लिहिलं. या वेळी वाचून दाखवलं तेही तेच होतं.

दार वाजलं नाही. पाऊल वाजलं नाही. फक्त दाराच्या फटीतून पायांना लागणारा गार झोत... थांबला.

आठला मी निघाले. जिन्याच्या मधून उतरले. बाजूला सरकावंसं वाटलं नाही.

आता एप्रिल संपत आला आहे. ताईचं वजन दोन किलो चारशे ग्रॅमने वाढलं. ती खुशीत असते. मला टोमणे मारते. माझ्याजवळ तक्रार करण्यासारखं काही नाही.

गेल्या सोमवारी टेबलावर एक पाकीट दिसलं. मी ते उचललं.

"राहू दे," ताई म्हणाली. "वाचून झालं. डोळ्यांच्या दवाखान्याचं आहे. चौदा तारखेला साडेअकराला बोलावलंय."

"शेजारच्या काकू आल्या होत्या का?"

"त्या गावाला गेल्यात. कधीच्याच."

मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं... ते फोडलेलं नव्हतं.

मी फोडलं. चौदा तारीख. साडेअकरा.

मी कागद घडी करून परत पाकिटात ठेवला. ताईने चाचपडत माझा हात शोधला आणि थोपटला.

"तू रोज यायलाच हवं असं नाही हं आता," ती म्हणाली. "दमतेस."

रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने ते मायेने म्हटलं.

काल साडेसहाला मी तरीही गेले. जिना चढले. दाराबाहेर उभी राहिले. दुसरा कुठलाही आवाज नव्हता. पण आत ताई हसत होती. भाऊजी असताना हसायची, तशी. कुणीतरी नुकतंच काहीतरी वाचून संपवलं असावं...

बेलवर ठेवलेलं बोट मी काढून घेतलं.